आतून कडी

माह्या बांधकामाले कोणी नावं ठेवली तं मले खपत नाही. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. किरनापूरपासून कटंगीपर्यंत माह्या हातची शंभरावर घरं उभी आहेत. कोणत्याही भिंतीले ओळंबा लावून पाहा, सुताएवढी चूक निघाली तं मिशी उतरवून देईन. अन् माह्याच घरात, माह्याच तोंडावर, माही पोटची पोरगी म्हणते, "बाबा, आपल्या घराचं डिझाइन चुकलं." मंग माणसाच्या अंगाचा भडका होईल का नाही, तुम्हीच सांगा.

पोरगी म्हणजे संघमित्रा. आम्ही मित्रा म्हणतो. तीस वर्षांची आहे. कॉम्प्युटरचं शिकली, सहा वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथं एका खोलीत चौघीजणी राह्यल्या. दोन वर्षांपासून इथं बालाघाटले घरूनच काम करते. लगन नाही केलं. काहून नाही केलं हे मले विचारू नका, तिलेच विचारा, अन् काही उत्तर भेटलं तं मलेही येऊन सांगा.

दिवाळीनंतर तिच्या कंपनीनं फर्मान काढलं, आता सगळ्यायनं पुण्याले परत या. ज्याले घरून काम कराचं आहे, त्यानं सॉफ्टवेअर डिझाइनची सर्टिफिकेटवाली परीक्षा पास व्हाची. पास झाला तं डिझाइनच्या टीममध्ये घेतात, अन् त्या टीमले कुठूनही काम करता येते. मित्राले पुण्याले जायचं नव्हतं. "मले आता माह्या घरी राह्यचं आहे," एवढंच ती म्हणे. कंपनीनं तीन वेळा बसाची मुभा देल्ली होती. पयल्यांदा ती नागपूरले जाऊन बसली, सहा मार्कायनं राह्यली. दुसऱ्यांदा घरूनच देतो म्हणाली, अन् तिथं आमची फजिती झाली.

घरून परीक्षा म्हणजे अशी: लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुठंतरी बसलेली एक मॅडम तीन तास तुमच्यावर नजर ठेवते. खोलीत दुसरं माणूस दिसलं, का परीक्षा खतम. अन् आमचं घर कसं, तं समोर सपरी, म्हणजे ओसरी, तिथं मी अन् माही बायको आनंदी झोपतो. सपरीच्या मांगं मधली खोली, मधल्या खोलीच्या मांगं सैपाकघर, त्याच्या मांगं वाडी अन् नळ. मधल्या खोलीच्या एका बाजूले महेंद्रची खोली, दुसऱ्या बाजूले धम्मपालची. दोघंही पोरं लगन होऊन बाहेर गेली, एक नागपूरले, एक रायपूरले. त्यायच्या खोल्यायमध्ये त्यायच्या बायकायचं सामान, कुलूप लावलेलं, किल्ल्या त्यायच्यापाशी. मित्राचा टेबल मधल्या खोलीत. त्या खोलीले दार नाही. दार कसं राहीन, सगळ्या घराचा रस्ताच तिच्यातून जाते.

त्या दिवशी आनंदीनं मधल्या खोलीच्या दोन्हीकडं लुगडी टांगली अन् आम्ही दोघं सपरीत तोंडाले कुलूप लावून बसलो. सव्वा तास निभला. मंग आनंदीच्या नाकात वास गेला. दूध! बारीक गॅसवर दूध आटवाले ठेवून बाई विसरली होती. आता दूध जळू द्यावं का नाही? पण चाळीस वर्षांची सवय आहे, पायच उठले तिचे. बरं, शाहणी कशी, तं म्हणे कॅमेऱ्यात आपलं तोंड नाही दिसलं पाह्यजे. तोंडावर पांढरा पदर ओढला, कमरेतून वाकली, अन् भुतासारखी मित्राच्या खुर्चीमांगून सरकत सरकत गेली. तिकडच्या मॅडमनं तो पांढरा गोळा पाह्यला, अन् परीक्षा तिथंच बंद केली.

आनंदी दोन दिवस जेवली नाही. "माह्यानं पोरीचं वाटोळं झालं," हेच लावून धरलं तिनं. मित्रा तिले रागावली नाही. उलट तिच्यापाशी बसून, तिच्या तोंडात घास देऊन म्हणाली, "आई, तुही चूक नाही वं. तू जाशील कुठून? दुसरा रस्ताच नाही. आपल्या घराचं डिझाइनच चुकलं."

मी सपरीत ओळंब्याची दोरी गुंडाळून राह्यलो होतो. उठलोच.

"काय चुकलं? काय चुकलं सांग! सतरा वर्षं झाली, एक तडा दाखव मले."

"तडा नाही म्हटलं मी, बाबा."

"मंग काय म्हटलं? तुम्ही कॉम्प्युटरवाले न विटा पाहात, न सिमेंट. काय असते तुमचं डिझाइन? चित्रं काढता अन् पगार घेता."

ती हसली. माहा राग पाहून ही पोट्टी लहानपणापासून हसते. म्हणाली, "तुमचंच काम आहे बाबा, दुसरं काही नाही. कोण येईल, कुठून येईल, त्याले काय पाह्यजे, कोणाच्या मधातून कोणाले जावं लागू नये, हे सगळं आधी ठरवाचं. नंतर भिंत पाडाले लय त्रास होते."

"तेच तं मी करतो! मी काय आंधळ्यासारखा भिंती उभ्या करतो का? फक्कीत चालवल्याशिवाय मी पाया खोदत नाही, सगळ्या बालाघाटले मालूम आहे."

हे खरं आहे. मी कागदावर नक्शा काढत नाही. जागेवर खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारतो. मंग घरातल्या सगळ्यायले त्या रेघांत चालवतो. बाईले म्हणतो, डोक्यावर पाण्याची गुंडी आहे असं समजा अन् चाला. म्हाताऱ्याले म्हणतो, झोपेतून उठले समजा, आता जा बाथरूमले. रामपायलीच्या एका घरी तं बुढी फक्कीत बसून खोट्याच पोळ्या लाटाले लागली अन् म्हणाली, "मिस्त्री, कोपर भिंतीले लागते." मी सैपाकघर दीड हात वाढवलं. लोक हसतात, पण माह्या घरात राहून कोणी परेशान नाही झालं.

मित्राचं हसू गेलं होतं. "हौ," ती म्हणाली, "मले मालूम आहे. आपल्या घराच्या फक्कीतही सगळे चालले होते. आई चालली. महेंद्रदादाले तुम्ही म्हटलं, तुहा पलंग इथं. धम्मपालले म्हटलं, तुही खिडकी इथं. मी तेरा वर्षांची होती. सुतळीचा गुंडा धरून उभी होती. मी म्हटलं, बाबा, मी कुठून चालू? तुम्ही काय म्हटलं, आठवते?"

मले आठवत नव्हतं. खोटं काहून बोलू? तोंड उघडलं अन् मंग आठवलं.

"तुम्ही म्हटलं, तू कशाले चालते, तू तं जाशील."

एवढं बोलून ती उठली अन् मधल्या खोलीत आपल्या टेबलापाशी जाऊन बसली. मांगून आनंदी भांडे घेऊन तिच्या खुर्चीजवळून सैपाकघरात गेली. मी पाहात राह्यलो. दोन वर्षं रोज हेच पाहात होतो, पण त्या दिवशी पाह्यलं.

चहा थंडा झाला म्हणून आनंदीवर खेकसलो, चहा थंडा नव्हता. मले माह्यावरच राग येऊन राह्यला होता अन् काढाले दुसरं कोणी नव्हतं. मी परायायच्या घरी बुढीचं कोपर पाह्यलं, अन् माही पोरगी समोर सुतळी धरून उभी होती तं मले ती दिसली नाही.

सकाळी उठलो अन् घराच्या पूर्वेच्या बाजूची पट्टी साफ कराले लागलो. तिथं माह्या पाट्या, बल्ल्या, फुटके घमेले, सारा संसार पडून होता. आनंदी म्हणाली, "काय करून राह्यले?" मी म्हटलं, "तुह्या डोळ्यायले काय दिसते?" दुपारपर्यंत जमीन मोकळी झाली. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, फक्की मारली. मंग मित्राले हाक मारली.

ती कानातला हेडफोन काढत बाहेर आली. पांढऱ्या रेघा पाहून थांबली.

"परीक्षा कधी आहे?" मी विचारलं.

"तेवीस दिवसांनी. पण बाबा..."

"बाबा-बाबा नको करू. चाल."

"काय?"

"चाल म्हटलं नं. रेघांत चाल. मिस्त्रीचा टाइम खोटी करू नको."

ती चप्पल काढून रेघांच्या आत गेली. देवळात जावं तशी हळूच. मधात उभी राह्यली. कुठं पाहावं तिले समजत नव्हतं. मी तिच्याकडं पाह्यलं नाही, सुतळीच्या गाठी उगाच पाहात राह्यलो.

"टेबल कुठं ठेवते?"

"इथं," ती म्हणाली. "खिडकीपाशी. खिडकी पेरूच्या झाडाकडं करा."

"पलंग?"

"पलंगही ठेवू?"

"मंग झोपशील कुठं? टेबलावर?"

ती हसली, पण आवाज ओला होता. इकडून तिकडं चालली, खोटीच खुर्ची ओढली, खोटाच दिवा लावला. मंग दाराच्या जागी येऊन थांबली. "खोली लहान असली तं चालते बाबा. फक्त हिच्यातून कोणाचा रस्ता नको. अन्..."

"अन् काय?"

"दाराले आतून कडी पाह्यजे."

चाळीस वर्षांत कोणी माह्यापाशी कडी मांगितली नव्हती. कडी तं दारासोबत येतेच, ती काय मांगाची गोष्ट आहे? मी म्हटलं, "पितळेची लावू का लोखंडाची?" अन् नाक शिंकरल्यासारखं करून नळावर गेलो.

मजूर लावला नाही. माह्या हातानं पाया खोदला, माह्या हातानं विटा रचल्या. मित्रा सकाळी काम सुरू व्हाच्या आधी दोन तास घमेले उचले. खोलीले दार सपरीतून देल्लं, म्हणजे मधल्या खोलीशी काही संबंधच नाही. ती माल देता देता बडबडे, परीक्षेत काय असते ते सांगे. एक गोष्ट मोडली तं दुसरी मोडू नये, असं जोडाचं. मी म्हणे, "हे तं गवंड्याचं पोट्टंही सांगेल." ती म्हणे, "मंग तुम्हीच बसा परीक्षेले." आनंदी भिंतीले पाणी मारे, दिवसातून चार वेळा, जशी भिंत तिचीच चूक धुऊन टाकणार होती. स्लॅब पक्का व्हाले वेळ नव्हता, वरून टिना टाकल्या. माह्या घरावर टिना! पण स्लॅब पुढच्या वर्षी टाकू म्हटलं.

अठराव्या दिवशी दार बसवलं. पितळेची कडी. मित्रानं आत जाऊन ती लावली, काढली, पुन्हा लावली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाची वेळ होती. माही एकच काळजी, टिनांवर माकडं. आमच्या वार्डात माकडांचा सुळसुळाट. एक जरी टिनावर उतरलं तं आत ढोल वाजल्यासारखं होते. ओरडता येत नव्हतं. म्हणून मी पसाभर फुटाणे नेऊन दूर मांगच्या वाडीत टाकले, अन् बाकीच्या फुटाण्याची थैली देऊन आनंदीले तिथं बसवलं, का सगळी टोळी तिकडंच रमली पाह्यजे. शेजारची चंपाबाई फाटकात येऊन "भैयालाल भाऊ" म्हणाली, तं मी तिले असे डोळे दाखवले का बिचारी आल्या पावली परत गेली. मंग सपरीत, मित्राच्या दारापाशी, स्टूल टाकून बसलो.

आतून त्या मॅडमचा आवाज आला. हिंदीत बोलत होती. "कैमरा घुमाइए. चारों दीवारें दिखाइए. टेबल के नीचे. दरवाज़ा दिखाइए." मित्रानं दाखवलं असावं. मंग ती म्हणाली, "यह कमरा किसका है? परीक्षा के बीच कोई और तो नहीं आएगा? यहाँ से किसी का आना-जाना तो नहीं?"

"नहीं मैडम," मित्रा म्हणाली. "यह मेरा कमरा है. मेरे बाबा ने बनाया है."

मी दाराच्या चौकटीवरून हळूच हात फिरवला.

तीन तास कसे गेले ते माह्या मनाले मालूम. वाडीत आनंदी माकडांशी कुजबुजत बोले. एकदा एक पिल्लू टिनाच्या काठापर्यंत आलं, मी त्याले नुसते हात जोडले. ते गेलं. एक वाजला. सव्वा वाजला. आतून काहीच आवाज नाही. परीक्षा एक वाजताच संपते, हे मले पक्कं मालूम होतं, अन् निकाल लगेच पडद्यावर येते हेही तिनं सांगतलं होतं. पास झाली असती तं पोट्टी नाचत बाहेर आली असती. दीड वाजला. दार बंदच.

मंग मले रडण्याचा आवाज आला. दाबून रडून राह्यली होती.

राह्यली पोरगी. गेली पुण्याले. मी दार ढकललं, तं आतून कडी. माहीच लावलेली कडी, पक्की, हलली नाही.

मी दाराले तोंड लावलं. समोरासमोर मले हे बोलताच आलं नसतं, दार मधात होतं म्हणून बोललो.

"मित्रा, ऐक. पास-नापास मले काही समजत नाही. नोकरी राहीन का जाईन, मले त्याचंही समजत नाही. तुले पुण्याले जाचं असेल तं जा, नसेल तं नको जाऊ. पण ही खोली परीक्षेसाठी नाही बांधली मी. हे घर बांधलं तेव्हा तुले फक्कीत चालवलं पाह्यजे होतं. तू विचारलं होतं, अन् मी तुले जाशील म्हटलं. चूक झाली माही. मिस्त्री म्हणून झाली अन् बाप म्हणून तं लयच झाली. खोली तुही आहे बेटा. तू राह्यली तं तुही, नाही राह्यली तरी तुहीच. कुलूप लावून जा, किल्ली तुह्यापाशी ठेव, मी कोणाले देणार नाही."

मंग कडी सरकली.

मित्रा दारात उभी. डोळे सुजलेले, नाक लाल. मांगं टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. इंग्रजी मले काही फार येत नाही, पण पडद्यावर हिरवं काहीतरी होतं अन् हिरव्याचा अर्थ सगळ्यायले समजते.

"पास झाली बाबा," ती म्हणाली. "चांगल्या मार्कायनं."

"मंग रडून काहून राह्यली, मूर्ख पोट्टी? माहा जीव घेते का?"

"शेवटचा मोठा प्रश्न दवाखान्याच्या सॉफ्टवेअरच्या डिझाइनचा होता. सगळ्यायसाठी काही ना काही काढून देल्लं होतं, डॉक्टरसाठी, नर्ससाठी, पेशंटसाठी. काय सुटलं ते शोधाचं होतं. सगळे बारीक बारीक चुका शोधत बसले असतील. मी पयले एकच पाह्यलं, फक्कीत कोणाले चालवलं नाही. तं पेशंटसोबत जे घरचं माणूस येते, त्याले कुठून जायचं ते कोणी काढलंच नव्हतं."

"मंग चांगलंच झालं नं. रडते काहून?"

तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला. "पुण्यात खोलीत चौघीजणी होतो. इथं मधली खोली. रडू आलं का मी नळ सोडून तोंड धूत राहे, कोणाले दिसू नये म्हणून. आज निकाल पाह्यला अन् पाह्यलं, दार बंद आहे, कोणी येणार नाही. म्हटलं, आता पोटभर रडून घेऊ."

तिनं माह्या खांद्यावर डोकं टेकवलं, अन् मी माहे चुन्याचे खरबडे हात तिच्या केसांवरून फिरवत राह्यलो. दोघंही रडलो, सपरीत, उघड्यावर.

तेवढ्यात आनंदी आली. वाडीतून, घराले पूर्ण वळसा घालून, फाटकातून, फुटाण्याची रिकामी थैली हातात घेऊन. मधल्या खोलीतून आली असती तं चार पावलं होती, पण मांगच्या वेळचा धसका होता तिले. आम्हाले तसं पाहून तिनं थैलीच टाकली.

"राह्यली का वं?"

"पास झाली," मी म्हटलं.

आनंदी दाराजवळ आली, उंबरठ्यापाशी थांबली. माह्याच घरात, माही बायको, पोरीच्या खोलीत पाय टाकाच्या आधी थांबली अन् म्हणाली, "येऊ का आत?"

"ये नं आई," मित्रा म्हणाली. "पण चप्पल बाहेर काढ. सकाळीच झाडलं आहे."